उजव्या डोळ्याची गाडी

४ जून. सकाळी सव्वाआठ, दुकान उघडण्यापूर्वी

नवी वही, दोनशे पानी. पहिल्या पानावर ठराव लिहिला: या वर्षी घरात कोणतेही वाहन घ्यायचे नाही. दोन चाकांचे नाही, चार चाकांचे नाही. तीन चाकांचा प्रश्नच नाही. नंबर प्लेटच्या काळ्या रंगात, ब्रशने लिहिला, म्हणजे खोडता येणार नाही.

गेल्या महिन्यात स्कूटर विकली. सोळा हजारांना घेतली होती, नऊला गेली. मध्ये दुरुस्तीला सात गेले, पण ते हळूहळू गेले, त्यामुळे धरत नाही.

ठरावामागचं मुख्य कारण बाबा. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलाय, तो आधी करायचा, डावा नंतर. उजव्याची तारीख ८ जुलै. एका डोळ्याचे चोवीस हजार. निवृत्त झाले तेव्हाच बाबांनी पन्नास हजार डोळ्यांसाठी म्हणून वेगळ्या खात्यात टाकले होते. बँकेच्या स्लिपवरची चौकट त्यांना दिसेनाशी झाली तेव्हा खात्यावर दुसरं नाव घालायचं ठरलं. आई म्हणाली, ताईचं घालू. बाबा म्हणाले, याचंच घाला, हा एक आकडा चुकवायचा नाही.

मला भरून आलं. आकडा मी खरंच कधी चुकवलेला नाही. मी नोकरीला आहे त्या दुकानात रोज तीसेक नंबर प्लेटा रंगतात.

५ जून. दुपारी

आजवर घरात आलेली वाहनं, घेण्याच्या कारणांसह. प्रामाणिकपणे लिहायची.

सायकल, अठराशे. कारण: बसभाडं वाचेल. (बाबा बसवर असल्यामुळे घरातल्या सगळ्यांना पास फुकट होता. तेव्हा हे लक्षात आलं नाही.)

मोपेड, सहा हजार. कारण: सायकलच्या साखळीत पँट अडकते.

मोटारसायकल, एकोणीस हजार. कारण: मोपेड चढावर ढकलावी लागते. मोटारसायकल सपाटीवरही ढकलावी लागली.

स्कूटर, सोळा हजार. कारण: आईला मोटारसायकलवर बसता येत नाही. आई स्कूटरवर एकदा बसली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर म्हणाली, थांब, मी चालत येते.

खरेदी एकूण बेचाळीस हजार आठशे. दुरुस्तीचं पान वेगळं केलं आहे, ते यात जोडायचं राहिलं.

सायकल सोडली तर तिन्ही गाड्या मी दुकानासमोरच घेतल्या. प्लेटवरचा रंग वाळायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला जायला जागा नसते. तो स्टुलावर बसतो आणि बोलतो, गाडी समोर उभी असते. शेजारचा पंक्चरवाला म्हणतो, लोक तुझ्याकडे गाडीतून येतात, प्लेट रंगवतात आणि गाडी तुला विकून चालत घरी जातात.

त्याला टोमणे मारायची सवय आहे. तरी यादीवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. आजवरचा सगळा तोटा दुचाकींचा आहे.

९ जून. दुपारी, रंग वाळेपर्यंत

आज एक निवृत्त मास्तर आले. मुलाकडे कायमचे राहायला चालले आहेत. मोटार छोटी, पांढरी, चार दारांची. दोन्ही प्लेटा नव्याने रंगवायच्या होत्या. बोलता बोलता रुमालाने समोरची काच पुसत होते. म्हणाले, आत बसून बघ.

बसलो. दार लावलं. रस्त्याचा आवाज बंद झाला. पंक्चरवाला काहीतरी बोलत होता, त्याचे फक्त ओठ हलताना दिसले.

पंचेचाळीस हजार म्हणाले. मी किंमत विचारली नव्हती. अशी गाडी साधारण कितीला जात असेल, एवढंच म्हणालो होतो.

ठराव पक्का आहे. मी फक्त ऐकलं.

१० जून. सकाळी

डॉक्टरांनी दिलेला छापील कागद आज नीट वाचला. ऑपरेशननंतर धूळ, वारा आणि धक्के टाळावेत. तीनदा वाचला. बस म्हणजे काय, तर धूळ, वारा आणि धक्के. म्हणजे बाबांना उघड्या डोळ्याने बसमधून आणायचं.

हा आपण वाहनाचा प्रश्न समजत होतो. तो औषधोपचाराचा आहे.

११ जून. दुपारी एक

बँकेतून पंचेचाळीस हजार काढले. काढले म्हणण्यापेक्षा वळवले. स्लिपवर अक्षरी रक्कम लिहिली. कॅशियर म्हणाले, काय अक्षर आहे, छापल्यासारखं.

गाडी रिकामी ठेवायची नाही. सकाळ-संध्याकाळ चार प्रवासी, प्रत्येकी चाळीस. दिवसाचे तीनशे वीस. ८ जुलैपर्यंत सत्तावीस दिवस. आठ हजार सहाशे चाळीस.

पंचेचाळीस व्हायला जरा वेळ लागेल. तोवर ऑपरेशन पुढे गेलं तर काय झालं. डोळा कुठे पळून जात नाही.

११ जून. संध्याकाळी

घरी सांगितलं, हप्त्यावर घेतली. आई म्हणाली, कशाला.

बाबा खाली आले. बॉनेटवर हात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली, डेपोत रोज सकाळी बसभोवती मारायचे तशी. मग इंजिन चालू करायला सांगितलं. मान कलती करून ऐकलं. विचारलं, हप्ता किती? मी म्हणालो, दोन हजार. हं, म्हणाले आणि जिन्याची कड चाचपत वर गेले.

इंजिनाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हे मी चांगलं लक्षण समजतो.

१३ जून. सकाळी

दवाखान्यात फोन करून सांगितलं, पेशंटला सर्दी आहे, तारखेचं कळवतो. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, फार लांबवू नका, पिकलेल्या डोळ्यात प्रेशर वाढलं तर नजर कायमची जाते.

बाबांना सांगितलं, डॉक्टर परदेशी गेलेत, ऑगस्टमध्ये येतील. बाबा म्हणाले, जाऊ दे, त्यांनाही सुट्टी पाहिजे.

खोटं बोललो हे खरं. पण डॉक्टर लोक परदेशी जातातच. शिवाय त्यांच्या पाटीवर ‘नेत्ररूग्णालय’ असं लिहिलंय, ‘रु’ दीर्घ. ज्यांना स्वतःच्या दारावरची पाटी दिसत नाही, त्यांच्याकडे घाई करण्यात अर्थ नाही.

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

१७ जून. दुपारी

गाडी गल्लीत ठेवता येत नाही. कचरागाडी अडते. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी गॅलरीत येऊन माझ्या नावाने हाका मारतात. मंडईमागच्या शीतगृहाच्या आवारात जागा मिळाली, महिना सहाशे. घरापासून चालत चाळीस मिनिटं.

म्हणून आता गाडीपर्यंत बसने जातो.

बसभाडं रोज सोळा. एखादी जुनी सायकल असती तर हे वाचलं असतं. पहिलं पान उघडून ठराव पुन्हा वाचला. सायकल हे वाहन आहे की व्यायामाचं साधन, यावर विचार चालू.

२० जून. सकाळी साडेदहा, दुकानात

प्रवासी मिळाले. कचेरीतल्या टायपिस्टबाई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी. आज पहिला दिवस. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. चौघी उतरल्या. ढकलली. टायपिस्टबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. मागून बस आली, चौघी त्यात बसल्या. बसमध्ये चढता चढता टायपिस्टबाई म्हणाल्या, महिन्याच्या शेवटी पैसे आम्ही तुला द्यायचे की तू आम्हाला?

उत्पन्न: शून्य. चपलेचे पन्नास दिले.

सुरुवातीला असं होतं.

२३ जून

क्लचप्लेट. एकतीसशे, पगारातून.

२६ जून

बॅटरी. पंक्चरवाल्याने नवी बसवून दिली. म्हणाला, शेठ, या गाडीत आता तुमचं इतकं नवीन सामान आहे की जुनी फक्त तुमची अक्कल राहिली. मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोललो नाही. दुपारनंतर टायर दाखवायचा होता.

१ जुलै. सकाळी

बाबांचं पेन्शन झालं. मला खोलीत बोलावून त्यांनी पाकीट दिलं. दोन हजार. म्हणाले, हप्ता थकवू नकोस, वाहनाचा हप्ता थकला की माणूस रस्त्याने मान वर करून चालत नाही. आईला सांगू नकोस, तिला वाटेल मी तुझे लाड करतो.

घेतले. नको म्हणालो असतो तर संशय आला असता.

दिवसभर पाकीट वरच्या खिशात होतं. वाकून प्लेट रंगवताना टोचत होतं. तसं ते मऊ होतं.

संध्याकाळी त्यातून शीतगृहाच्या जागेचे सहाशे दिले. बाकी वेगळे ठेवले आहेत. कशासाठी ते लिहिलेलं नाही.

३ जुलै. संध्याकाळी सात

बाबा आज चुकीच्या बसमध्ये बसले.

रोज अकराला ते डेपोतल्या जुन्या मंडळींकडे जातात. नंबर दिसत नाही, पण बस इंजिनावरून ओळखतात. आज नवीन गाड्या आल्या होत्या, सगळ्यांचा आवाज सारखा. शेवटच्या थांब्यावर उतरले तर तिथे फक्त पाण्याची टाकी आणि मोकळं मैदान. अडीच तास तिथेच बसले. शेवटी एका कंडक्टरने ओळखून घरी आणून सोडलं.

कंडक्टर दारात उभा राहून आईला म्हणाला, यांच्याच बसवर मी पहिलं तिकीट फाडलं, आणि आज मी यांना हाताला धरून आणतोय. आईने त्याला पाणी दिलं. बाबा हसत म्हणाले, एकतीस वर्षांत जो रूट मिळाला नाही तो आज मिळाला. सुटका नव्हती म्हणून बसून राहिलो, नाहीतर जागा हवेशीर आहे.

जेवताना बाबांनी ओतलेलं पाणी ग्लासाच्या बाहेर पडलं. आईने पुसलं.

मी माझं ताट लवकर उचललं.

४ जुलै. दुपारी, दोन प्लेटांच्या मध्ये

एक गोष्ट आज लक्षात आली. लिहू की नको असं झालंय. पण वही माझीच आहे.

खात्याचं पासबुक आईच्या कपाटात, वरच्या कप्प्यात असतं. ११ तारखेला मी त्यात नोंद करून घेतली होती. मला अपुरं पासबुक बघवत नाही. आईला आकडे छोटे दिसतात, ती ते उघडत नाही. बाबांना दिसत नाही.

म्हणजे बाबांचा डोळा बरा होईपर्यंत मला धोका नाही.

हे मनात आलं आणि हातातला ब्रश खाली ठेवला. असा विचार करणारा मुलगा दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याच्याबद्दल काय म्हणालो असतो ते लिहीत नाही.

सातचा आकडा बिघडला. प्लेट पुसून पुन्हा रंगवावी लागली. मालक लांबून बघत होते.

५ जुलै. सकाळी

आज घरी सगळं सांगायचं ठरवलं. वाक्य आधी इथे लिहून पाठ केलं: बाबा, गाडी हप्त्यावर नाही, ती तुमच्या डोळ्यांच्या पैशांतून घेतली आहे.

स्वच्छ वाक्य आहे. एकही चूक नाही.

५ जुलै. संध्याकाळी

बाबा गॅलरीत बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी पावलांवरून ओळखलं आणि विचारलं, काय रे? मी म्हणालो, पुढच्या टायरमध्ये हवा कमी आहे. ते म्हणाले, मग भर.

६ जुलै. दुपारी

पंक्चरवाल्याला गाडी विकली. वीस हजार. तो अठरा म्हणत होता. मी बाबांचं सगळं सांगितलं, म्हणजे डोळ्याचं सांगितलं, पैशांचं नाही. तो बराच वेळ ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिला. मग म्हणाला, वीस घे, आणि वडिलांचा डोळा होईपर्यंत दुसऱ्या कुणाला प्लेट रंगवायला स्टुलावर बसवू नकोस, उभंच ठेव.

मालकांकडून चार हजार उचल. चोवीस झाले. दोन हजारांच्या पाकिटातले चौदाशे उरले होते, त्यांत औषधं येतील.

दवाखान्यात फोन केला. ८ तारीख रिकामी आहे का, विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही कळवतो म्हणालात आणि कळवलंच नाहीत, नाव अजून तिथेच आहे.

मी वेळेत सगळं मार्गी लावलं असं म्हणायला हरकत नाही.

७ जुलै. सकाळी

घरी सांगितलं, डॉक्टर लवकर परत आले आणि मी गाडी विकली. आई म्हणाली, खात्यात पन्नास आहेत की, गाडी कशाला विकलीस? मी म्हणालो, ते डाव्या डोळ्याला राहू देत. वाक्य आपोआप आलं. पाठ केलेलं नव्हतं.

आईने पदर डोळ्यांना लावला. ताईला फोन केला. ताईने शेजारणीला सांगितलं. खालच्या काकू जिन्यात थांबून म्हणाल्या, इतके दिवस गाडीवरून बोलले, मनावर घेऊ नकोस, मुलगा असावा तर असा.

बाबांनी माझा हात शोधून धरला. त्यांची पकड अजून स्टिअरिंगवरची आहे.

मी हात सोडवून घेतला. दुकानाला उशीर होत होता.

८ जुलै. दुपारी, दवाखान्याच्या बाकावर

बसने आलो. ड्रायव्हर बाबांच्या हाताखाली शिकलेला. थांबा नसताना दवाखान्याच्या दारात बस उभी केली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्याने आरशात पाहिलंसुद्धा नाही. धूळ, वारा, धक्का, काही नाही.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. नंबर प्लेटला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

९ जुलै. सकाळी

पट्टी काढली. बाबांनी आधी भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मग आईकडे बघत राहिले. म्हणाले, केस कधी पांढरे केलेस? आई म्हणाली, तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा.

डॉक्टर म्हणाले, लांबचं आता स्पष्ट दिसेल, जवळचं वाचायला चष्मा लागेल. नंबर महिन्याभराने काढू.

एक महिना. मिळाला.

(हे वाक्य खोडायचं आहे.)

१८ जुलै. दुपारी

बाबा एकटे बसने दुकानात आले. नंबर वाचून. पंक्चरवाल्याकडे ती गाडी उन्हात उभी होती. बाबांनी तिच्याभोवती फेरी मारली, या वेळी हात न लावता. दारांच्या कडा, चाकांवरचे भाग, छप्पर, सगळीकडे मास्तरांनी निरनिराळ्या पांढऱ्या रंगांचे हात मारलेले. रंगाचं काम करणारा मी, मला ते त्या दिवशी दिसले नव्हते.

बाबा म्हणाले, हे डाग मला पहिल्या दिवसापासून दिसत होते, पण मला वाटायचं माझ्या डोळ्यांत आहेत.

पंक्चरवाला इतका हसला की पाना त्याच्या हातातून पडला. बाबाही हसले. मग पंक्चरवाला माझ्याकडे बोट करून म्हणाला, पण पोराने बापासाठी विकली हो, मानलं पाहिजे. बाबा म्हणाले, तेच सांगतो मी डेपोत सगळ्यांना.

डेपोतही गेलं म्हणजे.

४ ऑगस्ट. दुपारी

शिल्लक टाकायला सुरुवात. खात्यात परत पंचेचाळीस हजार भरायचे. पगारातून उचल कापली, घरात दिले, उरले अकराशे पन्नास. याच वेगाने तीन वर्षं आणि तीन-चार महिने.

एक गिऱ्हाईक आज मालवाहू रिक्षा घेऊन आला होता. म्हणाला, दिवसाला आठशे सुटतात, मला गुडघ्यामुळे जमत नाही, म्हणून काढतोय. आठशे गुणिले छप्पन्न दिवस, चव्वेचाळीस हजार आठशे. हिशोब चांगला बसत होता. मी त्याला उभं ठेवलं होतं. तरी ऐकू येत होतं.

दुकानात टेबलफॅन हवा. रंग दहा मिनिटांत वाळेल. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या पगारातून घे.

१२ ऑगस्ट

चष्म्याचा नंबर काढला. आठवड्याने मिळेल. चष्मेवाल्याला म्हणालो, घाई नाही, काम नीट होऊ द्या. बाबा म्हणाले, असं कसं, मला घाई आहे.

१९ ऑगस्ट. संध्याकाळी

चष्मा आला. बाबांनी सकाळपासून जे हाताला लागेल ते वाचलं. औषधाच्या बाटल्या. विजेचं बिल. आईच्या शिलाई मशीनवरचा कंपनीचा शिक्का. अकराला डेपोत म्हणून गेले ते दोनला आले. आईने विचारलं, एवढा वेळ? म्हणाले, जरा रांग होती. डेपोत कसली रांग असते ते मी विचारलं नाही.

चहानंतर म्हणाले, आता डावाही उरकून टाकू, पैसे आहेतच. कपाटातून पासबुक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाले, वाच.

मी म्हणालो, आता तुम्हाला दिसतं की. ते म्हणाले, दिसतं. पण इतके दिवस सगळं तूच वाचून दाखवलंस, तुझ्या तोंडून ऐकायची सवय झालीय.

आई शेजारी शेंगा सोलत होती. चष्मा बाबांच्या नाकावर होता.

वाचायला लागलो. पहिली ओळ, जमा, पन्नास हजार. मग व्याज. पुन्हा व्याज. व्याजाच्या सहा ओळी आहेत, सहाही वाचल्या, पैशांसकट, तारखांसकट. प्रत्येक ओळीला बाबा हं म्हणत होते. सहावी ३१ मार्चची. तिच्यानंतर मी सरळ ३० जूनच्या व्याजावर आलो, ही ओळ मी करून घेतलेल्या नोंदीनंतरची होती. ते एकदम कमी झालेलं होतं. तेही वाचलं. आवाज नीट होता. मग पासबुक मिटायला लागलो.

बाबांनी चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या आणि परत लावला.

म्हणाले, एक ओळ राहिली.